श्रीलंका सहल: मातलेची मसाल्याची बाग आणि स्वयंपाकाचा क्लास (सोसायटीच्या ग्रुपवरच्या गप्पा)

ए-२०४: नमस्कार मंडळी. कँडी-दंबुल्ला सहलीत एजंटने मातलेची मसाल्याची बाग 'फुकट' दिलीय, स्वयंपाकाच्या क्लासचे पैसे वेगळे. आम्ही दोघं शाकाहारी. क्लास घ्यावा का?

सी-१०३: घ्या काका. बाग आधी, क्लास नंतर ठेवा. आणि फुकट म्हणजे शेवटी दुकान आहेच. केसगळती, गुडघेदुखी, सुटलेलं पोट, सगळ्यावर तेल मिळतं. गाईडला टिप द्या, तेलं-मलमं सोडा. मसाले कँडीच्या सुपरमार्केटात बरेच स्वस्त पडतात.

बी-५०१: वेलदोडे पानांत शोधू नका, फुलोरा बुंध्याशी जमिनीलगत असतो. जायफळाचं फळ उकललेलं दिसलं तर आतली लालभडक जायपत्री बघून घ्या, वाळली की तो रंग जातो. आणि दालचिनी सोलून दाखवा म्हणून मागेच लागा. वरची खडबडीत साल खरवडतात, पितळी दांड्याने घासून आतली सैल करतात, मग उभे काप देऊन ती अख्खी सोडवतात. लांब सालीत छोटे तुकडे भरत एकात एक सरकवायचे आणि सावलीत वाळवायचं. फांदीत ओल असेल तरच साल सुटते, म्हणून सोलणी पावसानंतरची. कोरड्या दिवसांत तुकडे पडतात, तो सोलणाऱ्याचा दोष नव्हे.

डी-३०२: आपल्या डब्यातली बहुतेक दालचिनी म्हणजे कॅसिया. जाड, टणक, एकाच पदराची. सिलोनी, म्हणजे श्रीलंकेची, पापुद्र्यांची, बोटाने मोडते. कॅसियात कूमॅरिन, म्हणजे जास्त झालं तर यकृताला बाधणारं द्रव्य, खूप जास्त, रोज चहात टाकणाऱ्यांनी सिलोनीच घ्यावी. गोड्या मसाल्याला मात्र मी कॅसियाच घालीन, सिलोनीचा नाजूक वास त्यात हरवतो.

ए-२०४: आणि क्लासमध्ये आम्हाला खाता येईल असं काय?

बी-५०१: पुष्कळ. परिप्पू म्हणजे मसूरडाळ, पोलोस म्हणजे फणसाची कुयरी, गोटुकोला म्हणजे ब्राह्मीसारख्या पानांची कोशिंबीर, आणि पोल सांबोल म्हणजे खवलेल्या नारळाची तिखट चटणी. पण बुकिंग करतानाच 'उंबलकड नको' असं लिहून द्या. उंबलकड म्हणजे वाळवलेला टूना, कुटून घालतात. नुसतं व्हेजिटेरियन म्हटलंत तरी सांबोलात पडू शकतो, कारण तिथे तो मसाल्यातच धरतात.

अ‍ॅडमिन: टँकर ४ वाजता येतोय, गेटसमोरच्या गाड्या हलवा. चालू द्या.

सी-१०३: क्लास निवडताना एकच विचारा, नारळ खवण्यापासून आम्ही करणार की नुसतं बघणार? आणि पोलोस किती वाजता चुलीवर चढणार? कुयरी मातीच्या भांड्यात मंद आचेवर दीड-दोन तास शिजते. तीन तासांच्या क्लासात ती शेवटी आली तर आधीच शिजवून ठेवलेली समजा. चिरताना हाताला आणि सुरीला तेल, फोडी लगेच हळदीच्या पाण्यात, नाहीतर काळ्या पडतात. आंबटपणाला गोरका घालतात, आपल्या कोकमाचं भावंड, पण जास्त आंबट. एक तुकडा पुरतो.

डी-३०२: नारळाचं दूध गरम पाण्यात काढलं की जास्त निघतं ना?

बी-५०१: कोमट, उकळतं नको. एका नारळाच्या चवाला आधी अर्धी वाटी पाणी, पिळून निघेल ते दाट दूध. मग त्याच चोथ्याला दोन वाट्या, ते पातळ. वाटीभर मसूर पातळ दुधात हळद, कांदा, हिरवी मिरची, कढीपत्ता घालून शिजवायची. दाट दूध अगदी शेवटी, आच मंद, सतत ढवळत, एक कढ यायच्या आत उतरवायचं. खळखळ उकळलं किंवा चुलीवर असतानाच लिंबू पिळलं की फुटतं. लिंबू खाली उतरवल्यावर.

सी-१०३: रंपेचं पान विसरलीस. केवड्याच्या कुळातलं. आंबेमोहर-बासमतीला ज्या द्रव्याचा वास असतो तेच यातही आहे. बोटभर तुकडा डाळीत, जेवताना बाजूला काढायचा.

ए-२०४: तिकडचा काळा मसाला घरी जमेल का?

सी-१०३: नक्की. धणे ४ चमचे, जिरे २, बडीशेप १, मेथी पाव चमचा, थोडी मिरी, लवंग, वेलदोडे, दालचिनी, कढीपत्त्याची एक काडी. सगळं वेगवेगळं भाजा. धणे कॉफीच्या रंगावर जाईपर्यंत, मेथी जेमतेम लालसर. मेथी धण्यांबरोबर टाकली तर ती आधी करपते आणि सगळा मसाला कडू. हा पोलोससारख्या गडद रश्शांना. डाळीला आणि पांढऱ्या रश्शाला न भाजलेला मसाला, सिंहलीत त्याचं नाव 'तुना पहा', नाहीतर रंग बिघडतो.

ए-२०४: येताना काय आणू?

बी-५०१: दालचिनी आणि मिरी अख्खी, सीलबंद. कुटलेली आणू नका, वास उडतो. रंपेचं किंवा मिरीचं रोप मात्र कोणी कितीही प्रेमाने दिलं तरी नको. लावायला रोप-बियाणं आणायचं तर परवाना आणि रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं, नाहीतर विमानतळावर काढून घेतात.

डी-३०२: काका, पाव किलो दालचिनी माझ्यासाठी. पैसे आत्ताच पाठवते.