रोज रील टाकणाऱ्यांनी गिऱ्हाइकाचे नाव कधी विचारले का?

डिचोलीची लोणचीवाली

काल एका मार्केटिंग सल्लागाराची पोस्ट सगळीकडे फिरत होती. म्हणे, छोट्या धंदेवाल्याने रोज एक रील टाकली नाही आणि दरमहा जाहिरातीवर पैसे घातले नाहीत, तर दोन वर्षांत शटर खाली. ओळखीवर धंदा करणारे "मागासलेले". वाचल्यापासून संताप होतोय, म्हणून सविस्तर लिहिते.

मी गोव्यात सोलां (आमसुले), मिस्कूट (कैरीचे लोणचे) आणि खतखत्याचा, म्हणजे मिश्र भाज्यांच्या कालवणाचा, मसाला विकते. माझी जाहिरात म्हणजे एक वही आणि व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी. कोणाला लोणच्यात हिंग नको, कोणाची मुलगी बेळगावला असते आणि तिला चवथीनंतर बरणी पाठवायची असते, हे सगळे वहीत. मे महिन्यात पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीची, खरेदी सुरू झाली की निरोप जातो: "यंदाची सोलां वाळली. अवकाळी पावसामुळे थोडीच आहेत. तुमच्यासाठी एक किलो ठेवू?" निरोपाला फोटो एकच, तोही अंगणातल्या सुपाचा.

एका यादीत 256 माणसेच मावतात, आणि ज्याने आपला नंबर सेव्ह केलाय त्यालाच निरोप पोचतो. लोक याला अडचण म्हणतात. मला हेच हवे आहे. ज्याला मी नको, त्याच्या डोक्याशी मी का कटकट करू? लोणच्यात काणकोणातल्या खोला गावची मिरची असते आणि तिला 2020 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला, एवढे लेबलवर लिहिले की पुरते. त्यासाठी मी नाचायची गरज नाही.

काणकोणचा होमस्टेवाला

ताई, तुमचे गिऱ्हाईक डिचोली-सांखळीचे. माझे पुण्याहून, बेंगळुरूहून येते, तीन रात्री राहते आणि जाते. ओळख ठेवायची तर आधी ते दारात यायला हवे ना? ऑक्टोबर ते मार्च कमावले नाही, तर पावसाळ्यात खोल्यांना बुरशी येते आणि हप्ते चालूच असतात. माझ्या खोल्या लोकांना दिसल्या त्या रीलमुळेच. घरात बसून वही लिहिणाऱ्यांनी दुसऱ्याच्या धंद्याला नावे ठेवू नयेत.

डिचोलीची लोणचीवाली

रील बंद करा असे मी कुठे म्हटले? रोज टाकली नाही तर मराल, या धमकीवर माझा राग आहे. गुगल मॅपवर नाव, वेळ आणि खरे फोटो टाकायला पैसा लागत नाही. मला एवढेच सांगा, जे पाहुणे राहून गेले त्यांना तुम्ही पुन्हा कधी निरोप पाठवता? "पाऊस सुरू झालाय, शेत हिरवे झालेय, भाडे कमी आहे," एवढे तरी? नवे पाहुणे शोधायला पैसा घालता आणि जुन्यांचे नंबर फोनमध्ये पडून राहतात.

फोंड्याचा हार्डवेअरवाला

ही "आपुलकीची जाहिरात" कशात संपते ते मी सांगतो. उधारीत. नाव विचारले, मुलाबाळांची चौकशी केली, की पुढच्या खेपेला माणूस रंगाचे डबे उचलतो आणि म्हणतो, "बाब, चवथ झाली की देतो." चवथ गेली, दिवाळी गेली. आता तो माझे दुकान टाळून पलीकडच्या रस्त्याने जातो. अनोळखी गिऱ्हाईक यूपीआय करून निघून जाते, तेच बरे.

होंड्याचा टायरवाला

उधारीचे आम्हाला सांगू नका. आम्ही गोव्याच्या लोहखनिजाच्या खाणपट्ट्यातले. सप्टेंबर 2012 मध्ये खाणी थांबल्या, तेव्हा ट्रकवाल्यांकडे माझे पैसे अडकले. ट्रक दारात उभे, बँकेचे हप्ते थकलेले. मधे थोडे सुरू झाले, तर मार्च 2018 मध्ये परत बंद. मी दारात जाऊन तगादा लावला नाही. "जमेल तसे द्या," म्हटले. त्यातल्या बऱ्याच जणांनी ट्रक विकून दुसरा धंदा धरला, पण गाडी कुठलीही असो, टायर माझ्याकडूनच घेतात. ही माणसे कुठल्या जाहिरातीने मिळाली असती?

फोंड्याचा हार्डवेअरवाला

आणि ज्यांनी दिलेच नाहीत, त्यांचे? तुम्ही टिकलात म्हणून बोलता. आमच्या नात्यातल्या एकाचे त्याच पट्ट्यात स्पेअर पार्ट्सचे दुकान होते. सगळ्या गावाला नावाने ओळखायचा. पुरवठादार थांबले नाहीत, त्यांना रोख हवी होती. दुकान गेले. गावातल्या आपुलकीने त्याचे कर्ज फेडले नाही.

होंड्याचा टायरवाला

त्याचे दुःख मला कळते, माझ्याही डोळ्यांसमोर दुकाने मिटली. पण ती खाण बंद झाल्यामुळे मिटली, गिऱ्हाइकाचे नाव ठाऊक होते म्हणून नव्हे. दोन्ही एकाच पोत्यात भरू नका.

काणकोणचा होमस्टेवाला

विषय जाहिरातीचा होता, तुम्ही खाणीत शिरलात! असो. जुन्या पाहुण्यांना निरोप पाठवण्याचे म्हणणे पटले, नाइलाजाने का होईना. जूनमध्ये करून बघतो. पण रील सोडणार नाही, आणि मला कोणी उथळ म्हटलेले ऐकून घेणार नाही.

डिचोलीची लोणचीवाली

उथळ मी तुम्हाला म्हटले नाही. आणि फोंड्याचे बाब, मी कोणालाच उधार देत नाही. सख्ख्या नणंदेलाही बरणी रोखीत देते, तरी ती दरवर्षी येते. नाव लक्षात ठेवणे वेगळे, वहीत बाकी मांडणे वेगळे.

फोंड्याचा हार्डवेअरवाला

बरणी रोखीत जाते हो. घर बांधणारा माणूस पाइप, सिमेंट आणि पंप एकदम रोखीत नेत नाही, आणि मी नाही म्हटले तर शेजारचा देतो. हा फरक तुम्ही मान्य करत नाही, तोवर आपले जमायचे नाही.