सिमेंट नको, चुनाच हवा
बंद पडलेले जुने रेल्वे स्थानक पुन्हा वापरात आणताना भिंतींना सिमेंटचा गिलावा करून लगेच दुकाने सुरू करावीत, अशी एक सूचना आहे; ती धोक्याची आहे. जुनी वीट बहुधा चुन्यात बांधलेली असते. सिमेंट ओल आत कोंडते, क्षार फुलतात, विटेचे पापुद्रे सुटतात. आधी छत आणि पन्हळी दुरुस्त करा, भिंत सुकू द्या, मग चुन्याचाच गिलावा. रुळांखालची मातीही तपासा, तिच्यात तेल, तणनाशके, जड धातू मुरलेले असू शकतात. क्रिओसोट (लाकूड टिकवणारे विषारी डांबरी तेल) लावलेल्या स्लीपरांची, म्हणजे रुळांखालच्या लाकडी ओंडक्यांची, बाके तर मुळीच नकोत.

पॅरिसच्या जुन्या ओर्से रेल्वे स्थानकात १९८६ मध्ये संग्रहालय उघडले, तेव्हा मधले उंच दालन मोकळेच ठेवले. तसेच इथेही करावे. आणि रुळांवरचा पादचारी पूल पहिल्याच टप्प्यात हवा, नाहीतर पलीकडची वस्ती इकडे फिरकणार नाही.