भगरीतून विषबाधा : घरात उरलेली भगर कुठे तपासून मिळेल? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

घाई आहे म्हणून आधी मुद्दा सांगते. आमच्या घरी स्टीलच्या डब्यात साधारण पाऊण किलो सुटी भगर आहे. तिसऱ्या माळेला हीच भगर खाऊन गावातले १७ जण आजारी पडले, त्यात माझी आई. आज आठवी माळ. तीन दिवसांवर एकादशी आली आहे आणि त्याच मालाचे कट्टे तालुक्यात आणखी किती दुकानांत गेलेत हे कुणालाच माहीत नाही. ही भगर तपासून कशी घ्यायची आणि पुढचा माल थांबवायला कुणाचं दार ठोठवायचं, हे मला कळत नाहीये.

मी पुण्यात नोकरी करते, गाव मराठवाड्यात. आईने त्या दिवशी दुपारी भगरीची भाकरी आणि शेंगदाण्याची आमटी केली होती. पीठ आदल्या दिवशी गावातल्याच चक्कीवरून दळून आणलेलं. जेवून दोन तास झाले नसतील, तिला गरगरायला लागलं, मग उलट्या, आणि मग हात थरथरायला लागले. फुलपात्र हातात धरवेना. वडिलांनी चमच्याने पाणी पाजलं. त्यांना वाटलं, उपासाने साखर उतरली असेल. तेवढ्यात शेजारच्या काकूंकडूनही तीच हाक आली.

हे सगळं एकाच गोष्टीमुळे होतंय हे पहिल्यांदा गावातल्या आशा कार्यकर्तीच्या, आमच्या आशाताईंच्या लक्षात आलं. प्रत्येक घरात शिरून त्यांनी तेच विचारलं: उपासाला काय खाल्लं, कुठून आणलं, कधी खाल्लं. वहीत लिहीत गेल्या. सगळ्यांची भगर एकाच दुकानातली, एकाच कट्ट्यातली निघाली. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी आणि सिस्टरांनी रात्रभर जागून सलाइन लावल्या, दोघांना ग्रामीण रुग्णालयात पाठवलं. तिसऱ्या दिवशी सगळे घरी आले. त्या माणसांचे उपकार मी विसरणार नाही.

आता अडचण. दुकानदार घाबरला आणि कट्ट्यात उरलेली सहा-सात किलो भगर त्याने उकिरड्यावर ओतली. माणूस वाईट नाही. त्या रात्री स्वतःच्या गाडीतून त्यानेच चार बायकांना केंद्रात पोचवलं. तो माल आणतो तालुक्याच्या ठोक व्यापाऱ्याकडून. त्याच्याकडे जी चिठ्ठी आहे तिच्यावर फक्त "भगर १ कट्टा" आणि रक्कम. लॉट नंबर नाही, कुठल्या मिलचा माल ते नाही.

आरोग्य केंद्रात विचारलं तर म्हणाले, नोंद केली, वर पाठवली. अन्न विभागाच्या जिल्ह्याच्या कार्यालयात फोन केला तर म्हणाले, दुकानात साठाच नाही तर नमुना कशाचा घ्यायचा, आणि घरातली फोडलेली भगर कायद्यात बसत नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतील. पण आजाराची नोंद एका खात्यात पडून आहे आणि धान्य दुसऱ्या खात्याचं, आणि या दोघांची गाठ कुठेच पडत नाही. ठोक व्यापाऱ्याकडे अजून कुणी गेलेलं नाही. शिक्षा झालीच तर ती आमच्या गावच्या दुकानदाराला होईल आणि माल येतच राहील, ही मला खरी भीती आहे.

दर नवरात्रात अन्न व औषध प्रशासन सूचना काढतं: भगर सुटी घेऊ नका, पाकिटावरची तारीख बघा, तयार पीठ घेऊ नका, ओल लागू देऊ नका. दमट हवेत भगरीवर अॅस्परजिलस जातीची बुरशी येते आणि तिच्यातून विषारी द्रव्यं तयार होतात, हेही त्यात असतं. पण बाजाराच्या दिवशी कट्टा उघडून मापाने भगर घेणाऱ्या बाईपर्यंत ती सूचना पोचत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात लोणार तालुक्यातल्या सोमठाण्याला एकादशीच्या प्रसादातून शेकडो माणसं आजारी पडली. झाडांना दोरी बांधून, तिला सलाइनच्या बाटल्या अडकवून, लोकांवर उघड्यावर उपचार करावे लागले. ते फोटो तुम्ही पाहिले असतील. आमच्याकडे १७ वर निभावलं.

डब्यातली भगर मी काल बघितली. वरून पांढरी दिसते, पण चिमटीत घेतली की बारीक गुठळ्या लागतात, काही दाण्यांच्या टोकाला निळसर-हिरवट डाग आहेत आणि वास कुबट. कुणी या क्षेत्रातलं असेल तर कृपया सांगा, उद्या सकाळी उठून मी नेमकं काय करू?

प्रतिसाद १

ताई, मी अन्न सुरक्षा अधिकारी होतो, आता निवृत्त आहे. आधी डब्याचं. भगर चाळू नका, निवडू नका, उन्हात घालू नका. आईने दळून आणलेलं पीठ उरलं असेल तर ते वेगळ्या डब्यात ठेवा, दोन्ही एकत्र करू नका. पीठ फार लवकर ओल धरतं. पिठात बुरशी सापडली तर व्यापारी म्हणेल, ती तुमच्या घरात नाहीतर चक्कीवर लागली. अख्ख्या दाण्यावर सापडली तर तसं म्हणणं अवघड जातं.

घरची भगर कायद्यात बसत नाही, असं तुम्हाला सांगितलं ते खरं आहे. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ४७ प्रमाणे नमुना अधिकाऱ्याने विक्रेत्यासमोर घ्यायचा, चार भाग करून सील करायचे. एक अन्न विश्लेषकाकडे जातो, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे राहतात आणि विक्रेत्याने मागणी केली तर चौथा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत. खटला टिकतो तो याच्यावर. ग्राहकाला स्वतः फी भरून विश्लेषकाकडून तपासणी करून घेता येते, ते कलम ४०. माल सदोष निघाला तर फी परत मिळते. पण खरेदी करतानाच दुकानदाराला तसं सांगावं लागतं, आणि तुमची ती वेळ गेली.

म्हणून डब्याच्या मागे फार लागू नका, व्यापाऱ्याच्या गोदामाच्या मागे लागा. तुमच्या जिल्ह्याच्या सहायक आयुक्त (अन्न) यांच्या नावाने लेखी तक्रार द्या. पदनिर्देशित अधिकारी तेच असतात. तक्रारीत "विषबाधा झाली, कारवाई करा" एवढंच लिहिलंत तर ती गावच्या दुकानापर्यंत जाऊन थांबेल. स्पष्ट लिहा की अमुक ठोक व्यापाऱ्याकडून अमुक तारखेला कट्टा आला, तिथे शिल्लक असलेल्या त्याच मालाचा नमुना घ्यावा, साठा विक्रीतून थांबवावा आणि खरेदीच्या बिलावरून मिलपर्यंत जावं. १ जानेवारी २०२२ पासून बिलावर अन्न व्यवसायाच्या परवान्याचा किंवा नोंदणीचा १४ आकडी एफएसएसएआय (भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण) क्रमांक छापणं सक्तीचं आहे. तुमच्या दुकानदाराला मिळालेल्या चिठ्ठीवर तो नसेल तर तेही तक्रारीत येऊ द्या. त्याआधी १८००-२२२-३६५ या टोल फ्री नंबरवर तक्रार नोंदवून क्रमांक घ्या आणि तो अर्जावर लिहा.

आणखी एक. नमुना घेताना तपासणी कशाची मागायची हे आधी सांगावं लागतं. नाहीतर ओलावा, खडे, किडके दाणे बघून अहवाल येतो. बुरशी आणि अफ्लाटॉक्सिन (बुरशीतून तयार होणारं विष) यांची तपासणी व्हावी, असं अर्जात लिहाच. धान्यात अफ्लाटॉक्सिनची मर्यादा किलोला १५ मायक्रोग्रॅम आहे. विश्लेषकाने १४ दिवसांत अहवाल द्यायचा असतो.

घरची भगर एफएसएसएआयची मान्यता असलेल्या खासगी प्रयोगशाळेत जरूर द्या. त्या अहवालावर अन्न खात्याचा खटला उभा राहणार नाही, पण अधिकाऱ्याला गोदामात जायला कारण मिळेल. पुढे जिल्हा ग्राहक आयोगात जायचं ठरलं तर तिथे तो मांडता येईल.

प्रतिसाद २

मी काही वर्षं प्राथमिक आरोग्य केंद्रात मेडिकल ऑफिसर होते. आशाताईंची ती वही जपा, तिचे फोटो आजच्या आज काढा. साथीच्या तपासात आम्ही जिला लाइन लिस्ट म्हणतो ती हीच: कोण, वय काय, काय खाल्लं, किती वाजता खाल्लं, त्रास किती वाजता सुरू झाला. मात्र त्यात एक गोष्ट बहुधा राहिली असेल. तीच भगर खाऊन ज्यांना काहीच झालं नाही, त्यांनाही विचारा, आणि त्यांनी ती कशी करून खाल्ली तेही. आजारी नसलेल्यांची माहिती नसेल तर कारण पक्कं सांगता येत नाही.

"वर पाठवली" म्हणजे कुठे, हे विचारा. एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम २००४ पासून आहे आणि प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा सर्वेक्षण अधिकारी असतो. एका गावात, एका दिवशी, एकाच जेवणातून १७ जण म्हणजे तो उद्रेक झाला, आणि त्याची नोंद उद्रेक म्हणूनच व्हायला हवी. १७ सुटे रुग्ण म्हणून झाली असेल तर वरच्या माणसाला त्यात काहीच दिसणार नाही. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना भेटून विचारा आणि तुमच्या अन्न खात्याकडच्या तक्रारीची प्रत त्यांना द्या, त्यांच्या अहवालाची प्रत तिकडे. तुम्ही म्हणता ती गाठ आज तुम्हालाच बांधावी लागेल. हे असं असायला नको, पण आहे.

आईचा केसपेपर मागून घ्या. रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यायचे असतात. त्यावर हातपाय थरथरण्याची नोंद आहे का बघा. नुसतं "उलटी, मळमळ" लिहिलं असेल तर डॉक्टरांना आठवण करून द्या. जुलाबाशिवाय चक्कर आणि थरथर, हे महत्त्वाचं लक्षण आहे. शौचाचा नमुना आता देऊन उपयोग नाही, त्यात वेळ घालवू नका.

प्रतिसाद ३

निवृत्त साहेबांच्या मुद्द्याला जोडून. केसपेपर फक्त उपचारासाठी लागतो असं समजू नका. त्याच अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ५९ मध्ये असुरक्षित अन्नाने इजा झाली की शिक्षा वाढत जाते, आणि कलम ६५ प्रमाणे बाधिताला भरपाई मिळू शकते, साध्या इजेला १ लाखापर्यंत. कागद नसेल तर इजा सिद्ध होत नाही. गुन्ह्याच्या तारखेपासून एका वर्षात खटला दाखल व्हावा लागतो (अन्न सुरक्षा आयुक्त कारणं नोंदवून ती मुदत तीन वर्षांपर्यंत वाढवू शकतात), तेव्हा पाठपुरावा सोडू नका.

पंधरा दिवसांनी माहितीचा अधिकार वापरा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांच्या आत. "कारवाई का केली नाही" असं विचारू नका, नमुन्याच्या अहवालाची आणि तपासणी नोंदीची प्रत मागा. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली अन्न सुरक्षेची जिल्हास्तरीय सल्लागार समिती असते. तक्रारीची एक प्रत तिकडेही द्या.

धागाकर्तीचा प्रतिसाद, नवमीची रात्र

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. आज दिवसभर तेच केलं.

सकाळी आशाताईंबरोबर पुन्हा घरोघर गेले. ती भगर २३ जणांनी खाल्ली होती. आजारी १७. त्यातल्या १४ जणांनी पिठाची भाकरी किंवा थालीपीठ खाल्लं, तिघांनी अख्खी भगर शिजवून. त्रास न झालेल्या सहाही जणांनी शिजवलेलीच खाल्ली होती. म्हणजे चक्की आणि पिठाचाही हात असावा, पण त्या तिघांचं उत्तर कट्ट्यातच आहे. हे मी अर्जात जसंच्या तसं लिहिलं, आपल्या सोयीचं तेवढंच नाही.

दुकानदाराने सही करायला आढेवेढे घेतले. "ताई, मलाच आत टाकतील." वडील त्याच्या ओट्यावर तासभर बसले, शेवटी त्याने व्यापाऱ्याचं नाव आणि तारीख लिहून दिली. रिकामा कट्टाही त्याच्याकडेच सापडला, गोवऱ्या भरून ठेवला होता. झटकल्यावर एका कोपऱ्यात अर्धवट पुसलेला बॅच नंबर दिसला, शेवटचे चार आकडे वाचता येतात. कट्टा तसाच गुंडाळून ठेवलाय.

टोल फ्री नंबरवर तक्रार नोंदवली, क्रमांक मिळाला. अर्ज जिल्ह्याला देऊन पोच घेतली, प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना दिली. तिथे कळलं की नोंद सुट्या रुग्णांचीच झाली होती. उद्रेक म्हणून दुरुस्त करून पाठवतो म्हणालेत. उद्या दसरा, कार्यालयं बंद. गोदामात कुणी परवा गेलंच, तर ती एकादशीची सकाळ असेल आणि भगर आधीच घरोघर गेलेली असेल. म्हणून ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून आज संध्याकाळी सांगायला लावलं. शेजारच्या पाच गावांच्या आशांना आमच्या आशाताईंनी फोन केले.

आईची थरथर गेली आहे, अशक्तपणा आहे.

व्यापाऱ्याचं नाव आणि बॅच नंबर इथे टाकत नाही, तपासणीच्या आधी ते योग्य नाही. पण गेल्या आठवड्यात मराठवाड्यात आणखी कुठे भगर खाऊन चक्कर-थरथर असा त्रास झाला असेल तर जिल्हा, तारीख आणि भगर सुटी होती की पाकिटातली, एवढं कृपया इथे लिहा.