स्पर्धेतल्या मुलांना सुट्टी किती? माझं मत: आठवड्याला एक दिवस आणि वर्षात एक सलग महिना

टिळकवाडीची आई

माझी मुलगी अकरा वर्षांची आहे, इथं बेळगावात जिम्नॅस्टिकच्या चौदा वर्षांखालच्या गटात खेळते. एप्रिलमध्ये शाळेला सुट्टी लागली की तिचा सराव दुप्पट होतो. सकाळी उन्हाळी शिबिर, संध्याकाळी स्पर्धेची बॅच. शाळा उघडली की रोजचा सराव सुरू, पुढं स्पर्धा, आणि दसऱ्याची सुट्टीसुद्धा तयारीतच जाते. मामाच्या गावाला खानापूरकडं जायचं म्हटलं तरी सरांना विचारून, रविवार धरून. ओळखीतल्या इतर घरांतही हेच चाललंय.

मला हे चूक वाटतं आणि मी ते स्पष्ट म्हणते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं, म्हणजे अमेरिकन अॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सनं, 2016 साली सांगितलंय की मुलांना आपल्या खेळापासून आठवड्यात एक ते दोन दिवस सुट्टी हवी आणि वर्षात एकूण तीन महिने हवेत, एकेका महिन्याच्या तुकड्यांनी. मी तीन मागत नाही. एक मागते.

घाई कशाची आहे हेच मला कळत नाही. मुलींना आंतरराष्ट्रीय वरिष्ठ गटात खेळायला त्या वर्षात सोळा पूर्ण व्हावी लागतात, हा नियम 1997 पासून आहे. अकराव्या वर्षी महिनाभर मॅटवर पाय ठेवला नाही म्हणून कुठलं दार बंद होणार?

मॅटवरचा माणूस

ताई, मी बरीच वर्षं मुलांना शिकवतोय, म्हणून लिहितो. तुमची काळजी खरी आहे. खरं तो आकडा आपल्याला लागू होत नाही.

तिकडची स्पर्धक मुलं आठवड्याला वीस-पंचवीस तास हॉलमध्ये असतात. आपल्याकडं शाळा सुटून, ट्यूशन सांभाळून दीड-दोन तास मिळतात. त्यातला अर्धा तास वॉर्मअप, आणि बीमसमोर, म्हणजे तोल सांभाळायच्या अरुंद पट्टीसमोर, रांग. एक मुलगी प्रत्यक्ष बीमवर किती मिनिटं असते ते एकदा येऊन बघा. सुट्ट्या तर आपोआप होतात: घटक चाचणी, गणपती, घरचं लग्न, वैशाखातली शिवजयंती. जुलैच्या पावसात ग्रामीण भागातली निम्मी मुलं येऊच शकत नाहीत. यावर आणि एक महिना काढला तर शिकवायचं कधी?

दुसरं महत्त्वाचं. हा धावण्यासारखा खेळ नाही. हवेत उलटं असताना आपण कुठं आहोत याची जाण सरावानंच राहते. महिनाभरानं मूल परत येतं तेव्हा उंची थोडी वाढलेली, वजन वाढलेलं, ताकद कमी झालेली असते. डोक्यात मात्र असतं की मला बॅक हॅण्डस्प्रिंग, म्हणजे हातांवरून मागं उलटी उडी, येते. पहिल्याच दिवशी ती मारायला जातं. मोठ्या सुट्टीनंतरचा पहिला आठवडा हाच माझ्या छातीत धडधड करणारा आठवडा असतो.

आठवड्याच्या एका सुट्टीला माझा पूर्ण पाठिंबा. सलग महिन्याला नाही.

शहापूर, माजी खेळाडू

सर, धडधड तुमच्या छातीत होते, दुखतं मुलांच्या मनगटात.

मी शाळेत असताना व्हॉल्टवर, म्हणजे धावत येऊन उडी मारायच्या उपकरणावर, हात टेकला की मनगटात कळ यायची. सांगितलं तर उत्तर मिळायचं, टेप लाव, मन लावून कर. घरी सांगायची सोय नव्हती, कारण मग सरावच बंद केला असता. मधला मार्ग कुणाच्याच डोक्यात नव्हता. एक तर रोज ये, नाहीतर सोडून दे. पुढं मी सोडलंच.

तुम्ही म्हणता गणपतीत सुट्टी आपोआप होते. तशी मिळालेली सुट्टी विश्रांती नसते. आरतीला उभं राहिलं तरी डोक्यात असायचं की बाकीच्या मुली आज पुढं जात असतील, परत गेल्यावर बोलणी बसतील. सरांनी स्वतः ‘आता येऊ नकोस, आराम कर’ म्हटलेली सुट्टी वेगळी असते. ती मला कधीच मिळाली नाही. म्हणून मी ताईंच्या बाजूनं आहे.

फिजिओ, खानापूर रोड

मनगटाचा विषय निघालाच आहे तर थोडं सविस्तर लिहिते.

वाढत्या वयात हाडाच्या टोकाशी कूर्चेचा थर असतो, त्याला ग्रोथ प्लेट म्हणतात. हाड तिथून वाढतं, आणि तो भाग तयार हाडापेक्षा कच्चा असतो. बाकीच्या बहुतेक खेळांत शरीराचा भार पायांवर येतो. जिम्नॅस्टिकमध्ये तो हातांवरही येतो, तोही आपटून. म्हणून मनगटाजवळच्या, अंगठ्याच्या बाजूच्या हाडाची ग्रोथ प्लेट दुखावते. आमच्या शिक्षणात त्याला ‘जिम्नॅस्टचं मनगट’ असंच नाव आहे. वेळीच थांबवलं तर बहुतेकदा बरं होतं. तसंच रेटलं तर त्या हाडाची वाढ खुंटू शकते. पुन्हा पुन्हा मागं वाकण्यामुळं कंबरेच्या मणक्याला सूक्ष्म तडा जातो, ती दुसरी मोठी तक्रार. उड्यांमुळं टाच दुखते, गुडघ्याखालचा उंचवटा दुखतो, हे नेहमीचंच.

मुलींची उंची साधारण अकरा ते तेराच्या दरम्यान झपाट्यानं वाढते, मुलांची त्यानंतर दोनेक वर्षांनी. नेमक्या त्याच काळात आपण अवघड कौशल्यं शिकवायला घेतो. माझं सांगणं असं की भिंतीवर पेन्सिलीनं दर महिन्याला उंची लिहा. ती झपाट्यानं वाढायला लागली की हातांवर आपटणारा सराव कमी करा, मग तो मे असो नाहीतर नोव्हेंबर. कॅलेंडरवरचा महिना धरून बसण्यापेक्षा मला हे जास्त पटतं. आणि मासिक पाळी सुरू होऊन थांबली, किंवा वयात येऊनही सुरूच झाली नाही, तर ‘खेळाडूंचं असंच असतं’ म्हणून सोडू नका, डॉक्टरांकडं जा. अंगाला लागणारी ऊर्जा जेवणातून पुरी पडत नाही, याचं ते लक्षण असू शकतं.

निपाणीकर बाबा

सगळं वाचलं. आता आमची बाजू ऐका. मुलाला घेऊन आठवड्यातून चार दिवस एसटीनं कोल्हापूर गाठतो, कारण जवळ साधनं नाहीत. येता-जाता इतका वेळ जातो की सरावाचा दिवस वाया गेला तर जीव हळहळतो. शहरातल्या माणसाला सुट्टी परवडते. गावातल्या पोराला मुळात मिळतंच कमी.

आणि आपल्या पोरांची खरी सुट्टी कोणती ते सांगू का? दहावी. नववी संपली की नातेवाईक, शेजारी, शाळा, सगळे म्हणायला लागतात, आता खेळ पुरे, एसएसएलसी आहे. वर्षभर बंद. मग पीयूसी म्हणजे अकरावी-बारावी, मग नीट. जी पोरं दहा वर्षांची असताना तापातसुद्धा सरावाला गेली, ती पंधराव्या वर्षी कायमची घरी बसतात. भांडायचंच असेल तर या सुट्टीशी भांडूया.

टिळकवाडीची आई

दादा, तुमची दहावीची गोष्ट काळजाला लागली. मला तर वाटतं या दोन गोष्टी एकाच मुळाच्या आहेत. लहानपणी श्वास घ्यायला सवड दिली नाही, म्हणून दहावी आली की मुलंही मनातून सुटतात. दहावीतसुद्धा आठवड्याला दोन-तीन दिवस कंडिशनिंग, म्हणजे ताकदीचे व्यायाम, चालू ठेवता येईल, पण खेळाचा कंटाळा आलेलं मूल ते मागणारच नाही.

सर, अमेरिकेच्या जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सकडं बघा. टोकियो ऑलिम्पिकमध्ये 2021 ला हवेतली जाण हरवली म्हणून तिनं माघार घेतली, दोन वर्षं स्पर्धेत उतरली नाही, आणि 2024 ला पॅरिसमध्ये तीन सुवर्णं जिंकली. आपली दीपा कर्माकर 2016 ला रिओत व्हॉल्टमध्ये चौथी आली. पुढच्या वर्षी गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, आणि 2018 ला तिनं तुर्कस्तानातल्या वर्ल्ड चॅलेंज कपमध्ये सुवर्ण मिळवलं. मोठ्या खंडानंतर परत येता येतं.

मॅटवरचा माणूस

ताई, ती उदाहरणं तुमच्या बाजूची नाहीत. बाइल्स तेव्हा चोवीस वर्षांची, ऑलिम्पिक जिंकलेली होती. पाया पक्का झालेल्या बाईनं थांबणं वेगळं आणि पाया घालायच्या वयात थांबणं वेगळं. दीपाची तर सुट्टीच नव्हती, दुखापत होती. ती परत येण्यासाठी किती राबली असेल ते विचारात घ्या.

फिजिओ मॅडमचं उंचीचं मात्र मला पटलं. आमच्याकडं वजन बघतात, उंची कुणी लिहीत नाही. हे मी सुरू करतो. आणि मनगट दुखतंय म्हणणाऱ्या मुलाला टेप लावून पुढं ढकलणं चूकच, त्यात वाद नाही.

वडगाव तालीम

मी मल्लखांब शिकवतो. पोरांना सलग घरी बसवू नका, दुसरं काही करायला लावा. जिम्नॅस्टिकच्या पोरांनी महिनाभर पोहावं, टेकडी चढावी, कबड्डी खेळावी. अंग चालू राहतं, मनगट-कंबर सुटते. मल्लखांबाची पोरं मी मे महिन्यात विहिरीवर पाठवतो, सोबत मोठं माणूस असतं.

टिळकवाडीची आई

हेच. बालरोगतज्ज्ञही ‘आपल्या खेळापासून’ सुट्टी म्हणतात, पलंगावर पडून राहा म्हणत नाहीत. सर, मधला मार्ग सुचवते. मे महिन्यात स्पर्धेच्या बॅचला उपकरणं पूर्ण बंद. जूनमध्ये पहिले दोन आठवडे फक्त ताकद, लवचिकता आणि मूलभूत प्रकार. बॅक हॅण्डस्प्रिंग नाही, व्हॉल्ट नाही. तुमची पहिल्या आठवड्याची भीती त्यानं कमी होईल. मे महिन्याची फी आम्ही भरू.

मॅटवरचा माणूस

फीचं तुम्ही बोललात ते बरं झालं, कारण ते कुणी बोलत नाही. उन्हाळी शिबिरावर हॉलचं वर्षाचं भाडं निघतं, आणि शिबिरात लहानांना दाखवायला मला स्पर्धेचीच मुलं लागतात. ते मी कुणाकडून तरी भागवेन.

जूनचे दोन आठवडे मान्य. मे महिन्यात दोन आठवडे पूर्ण बंद, तेही मान्य. उरलेल्या दोन आठवड्यांत आठवड्यातून दोनदा तरी मुलं हॉलमध्ये हवीत, हॅण्डस्टँड (हातांवर उलटं उभं राहणं) सोडून बाकी कंडिशनिंगला. पूर्ण महिना मी देणार नाही.

शहापूर, माजी खेळाडू

दोनदा बोलवाल तेव्हा न येणाऱ्या मुलीला काही बोलणार नाही, एवढं आधी सगळ्या मुलींसमोर सांगा. मग चालेल.