"दर रविवारी येशूला मारतात" म्हणणाऱ्या बंधूंसाठी

मिस्सेची_घंटा
परवा इथे एका बंधूंची पोस्ट फिरली: 'कॅथलिक लोक दर रविवारी वेदीवर येशूला पुन्हा मारतात. प्रभूने आठवण करायला सांगितली, यज्ञ करायला नाही. बायबलातलं इब्री १०:१० वाचा, अर्पण एकदाच झालं.' खाली आमेनची रांग. गप्प बसायचं ठरवलं होतं, जमलं नाही. लांबलचक लिहिणार आहे, कंटाळा आला तर पुढे जा.

वर्षात एक शुक्रवार असा येतो की जगात कुठल्याही कॅथलिक चर्चमध्ये मिस्सा (वेदीवरची भाकर-द्राक्षारसाची उपासना) होत नाही. उत्तम शुक्रवार. वेदीवर ना चादर ना मेणबत्ती. आदल्या संध्याकाळच्या मिस्सेतला राखून ठेवलेला ख्रिस्तप्रसाद (अर्पण केलेली भाकर) तेवढा वाटतात. येशूला 'मारायचं'च असतं, तर नेमका त्याच्या मरणाचाच दिवस सोडला असता का आम्ही?

ट्रेंटच्या कॅथलिक धर्मसभेने १५६२ सालीच सांगून ठेवलंय: मिस्सेत बळी क्रूसावरचाच, अर्पण करणारा तोच, रीत फक्त वेगळी, रक्ताविना. 'एकदाच' हे आम्हालाही मान्य आहे हो. वाद एवढाच की ते एकदाच झालेलं आज माझ्यासमोर येतं, की मी नुसतं मनातल्या मनात आठवते.

तुमची आठवण म्हणजे हार घातलेला फोटो. उदबत्ती लावली, झालं. पण येशूचं ते शेवटचं जेवण वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरच्या गुलामीतून सुटकेच्या सणातलं होतं. त्या सणात यहुदी बाप आजही पोराला सांगतो, 'मी मिसरातून निघालो तेव्हा परमेश्वराने माझ्यासाठी हे केलं.' पणजोबांसाठी नाही, माझ्यासाठी. येशूने 'माझ्या स्मरणार्थ हे करा' म्हटलं ते अशा स्मरणात वाढलेल्या माणसांना.

आमचे पप्पा केळीच्या वाडीच्या बांधावरून सख्ख्या भावाशी बोलत नव्हते. मिस्सेला यायचे, पण ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत उभे राहायचे नाहीत. मागच्या बाकावर, टोपी मांडीवर ठेवून. आई म्हणायची, जा की. ते म्हणायचे, आठवण करायची तर इथूनही होते, तिकडे जायचं तर बांध सोडून जावं लागतं. शेवटी काकांना बांध दिला. दीड हात जमीन. बलिदान वगैरे मोठे शब्द त्यांनी वापरले नाहीत. मला मिस्सा तिथे कळली.

वचन_फक्त_वचन
जय ख्रिस्त ताई. पोस्ट माझीच आहे आणि मी ती काढणार नाही.

ट्रेंटचं अर्धंच सांगितलंत. त्याच सभेने म्हटलंय की हे अर्पण पापांच्या क्षमेसाठी आहे, जिवंतांसाठी आणि मेलेल्यांसाठीही. मग प्रभू क्रूसावर 'पूर्ण झाले आहे' कशाला म्हणाला? थोडं बाकी ठेवलं होतं का, तुमच्या फादरांनी पूर्ण करायला?

आणि मेलेल्यांचा विषय निघालाच आहे तर बोलतो. माझी मावशी कॅथलिकांत दिलेली. काका गेले तेव्हापासून दर महिन्याला त्यांच्या नावाने मिस्सा, २ नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, वेगळी, वर्षश्राद्धाला (हो, मी हाच शब्द वापरणार) वेगळी. पाकिटावर काकांचं नाव, आत पैसे. शिवणकाम करून पोट भरणारी बाई. एकदा पैसे नव्हते तेव्हा ती चर्चच्या ऑफिसात गेलीच नाही, लाज वाटली म्हणून. म्हणजे त्या महिन्यात काका तसेच शुद्धिस्थानात (स्वर्गाआधी पापं धुतली जातात तिथे) अडकून पडले का? स्वर्गाचा हप्ता चुकला?

मिस्सेची_घंटा
मावशींना कोणी सांगितलं नाही हे वाईटच. पण नियम काय आहे तोही ऐका. कॅनन लॉ (कॅथलिक चर्चचा कायदा) ९४५: दान नसलं तरी फादरांनी लोकांच्या, विशेषतः गरिबांच्या हेतूसाठी मिस्सा करावी. ९४७: यात धंद्याचा वाससुद्धा नको. ९५१: दिवसाला एकाच मिस्सेचं दान ठेवता येतं, नाताळ सोडून. कोणी वेगळं वागत असेल तर त्याच्याशी भांडा, मी सोबत येते.

आता तुमचं सांगा. कमाईचा दशांश नाही दिला तर 'आशीर्वादाची दारं बंद' हे कुठल्या स्टेजवरून ऐकू येतं? आमच्याकडे पाकीट तरी आहे. तुमच्याकडे पडद्यावर क्यूआर कोड झळकतो.

वचन_फक्त_वचन
क्यूआर कोड मलाही आवडत नाही. पण तो पापक्षमेचा नसतो.

नगरी_मंडळी
दोघांचं चालू द्या. आम्ही मधले. अँग्लिकनांच्या (इंग्लंडच्या चर्चच्या) ३९ कलमांतलं ३१वं कलम मिस्सेच्या बलिदानांना निंदाजनक कपोलकथा म्हणतं, आणि तेच अँग्लिकन १९७० साली नागपुरात आमच्याबरोबर चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या एकत्र झालेल्या प्रॉटेस्टंट चर्चमध्ये आले. आमचे काँग्रेगेशनल वाडवडील तर वेदी म्हणायचेच नाहीत, मेज म्हणायचे. आता एकाच चर्चमध्ये कोणी वाकतो, कोणी ताठ उभा राहतो. आभाळ कोसळलं नाही.

मला ज्याचा राग आहे ते वेगळंच. स्मरण-बलिदानाची एवढी चर्चा करता, पण बलिदान दिलं गेलं ते प्रभुभोजनाच्या प्याल्याचं. कोविडनंतर आमच्या मंडळीत सगळ्यांचा एक प्याला गेला आणि खोकल्याच्या औषधाच्या टोपणाएवढ्या प्लास्टिकच्या पेल्यांचा ट्रे आला. उपासना संपली की पोरं ते पेले एकात एक घालून मनोरे करतात.

माझे पणजोबा महारवाड्यातून आले. त्यांच्याच मंडळीत मांगवाड्यातले होते, आणि महार-मांगही एकमेकांच्या हातचं पाणी पीत नव्हते, हे इथल्या तरुणांना माहीत नसेल तर घ्या माहीत करून. त्या लोकांना एकाच पितळी प्याल्याला ओठ लावायला लावणं हीच जातीला बसलेली खरी पाचर होती. पणजी सांगायची की पहिल्यांदा प्याला आला तेव्हा एक म्हातारा उठून बाहेर गेला. पुढच्या खेपेला आला. प्याला घेतला, प्याला आणि ढसाढसा रडला. त्याने काय आठवलं आणि काय सोडलं ते मला नका विचारू. प्लास्टिकच्या टोपणात ते बसत नाही एवढं कळतं.

पुण्याची_डॉक्टरीणबाई
काका, भावना समजल्या. पण ओपीडीत बसते म्हणून सांगते: केमोथेरपी चालू असलेला माणूस, क्षयाची ट्रीटमेंट नुकतीच सुरू झालेली मुलगी, यांच्यासमोर तुमचा पितळी प्याला धरायचा का? आणि हे पेले कोविडने आणलेले नाहीत. अमेरिकेतल्या चर्चांत ते १८९० च्या दशकातच जंतूंच्या भीतीने आले. वाइनऐवजी द्राक्षरस, तोही तिकडचाच. वेल्च नावाचे मेथडिस्ट दंतवैद्य, १८६९ साल, न्यू जर्सी. वाइन नको म्हणून रस उकळून टिकवायची युक्ती काढली. तुमच्या वाडवडिलांचे मिशनरीही अमेरिकनच होते.

जंतूंना जात नसते.

नगरी_मंडळी
जंतूंना नसते. पेला वेगळा मागणाऱ्याला असते. डॉक्टरीणबाई, तुमचं आडनाव मी विचारत नाही, पण 'स्वच्छता' या नावाखाली या देशात काय काय खपलंय ते आम्हाला शिकवू नका. आजारी माणसाला वेगळं द्या की, कोण नाही म्हणतो? पण ठणठणीत माणसं 'शेजाऱ्याचा उष्टा प्याला' म्हणून नाक मुरडतात तेव्हा मला मागच्या शंभर वर्षांचा वास येतो.

मद्रासकडच्या चर्चांतही जातवार बसणं आणि प्याल्यावरून हेच चालायचं. कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी १८३३ मध्ये पत्र काढून सांगितलं की जातिभेद सोडायचा, तोही ताबडतोब आणि कायमचा. कितीतरी जण मंडळी सोडून गेले, पण पत्र मागे घेतलं नाही. आता तेच काम ट्रेने उलटं केलं, आणि कोणी पत्रही काढलं नाही.

पुण्याची_डॉक्टरीणबाई
आडनाव विचारत नाही म्हणून विचारलंतच. माझी आजीही त्याच नगर जिल्ह्यातली आणि त्याच वस्तीतली, आता झालं समाधान? तिचा भाऊ क्षयाने गेला. मी डॉक्टर झाले ते त्यामुळे. तुमच्या म्हाताऱ्याच्या रडण्याला माझ्याकडे उत्तर नाही, पण माझ्या पेशंटच्या खोकल्याला तुमच्याकडे नाही.

नगरी_मंडळी
ठीक. आडनावाचं वाक्य मागे. बाकीचं नाही.

बार्देसकार
गोंयच्यान नमस्कार. नगरवाले काका कॅथलिकांना जातीवरून सोडतायत हे बघून आश्चर्य वाटलं. आमच्याकडे एकाच वेदीवरचा ख्रिस्तप्रसाद पिढ्यान्‌पिढ्या सगळ्यांनी घेतला आणि तरी कॉन्फ्रारियाचा (चर्चमधल्या भक्तमंडळाचा) लाल मुर्सा (खांद्यावरचा मानाचा झगा) कोणी घालायचा यावरून बामण, चारड्यो, शूद्र या ख्रिस्ती जाती भांडल्या. वसईत कुपारी आणि कोळी या कॅथलिक समाजांची सोयरीक सहज होते का, ते घंटाबाईंनीच सांगावं. एका प्याल्याने जात जाते यावर माझा विश्वास नाही. जेवणाच्या टेबलावरून उठलं की माणूस परत आपल्या वाड्यावर जातो.

मिस्सेची_घंटा
सोयरिकी वाढल्यात. पुरेशा नाहीत. आणि मी विचारलं होतं मिस्सेबद्दल, तुम्ही मला घरच्या सोयरिकींपर्यंत नेलंत.

दुबईतला_वाडवळ
प्याल्याबद्दल बोलायचंच तर आपण कॅथलिकांनी जरा हळू बोलावं. १४१५ साली कॉन्स्टन्सच्या कॅथलिक धर्मसभेने लोकांचा प्याला काढून घेतला. बोहेमियातल्या (आजच्या चेकियातल्या) लोकांनी त्याच प्याल्यासाठी लढाया केल्या. दुसऱ्या व्हॅटिकन सभेनंतर परवानगी परत आली, पण आमच्या धर्मग्रामात अजून भाकरच मिळते, प्याला फादरांचाच. इथे दुबईत रविवारी एवढी गर्दी असते की प्याला शक्यच नाही. मला तो कधीच मिळालेला नाही. नगरवाल्या काकांचा हेवा वाटला, ट्रेसकट.

मुक्तिफौज_नातू
आमच्याकडे ना ट्रे, ना प्याला, ना वेदी. साल्व्हेशन आर्मीने, म्हणजे मुक्तिफौजेने, १८८३ पासून प्रभुभोजन पाळलेलं नाही. त्याआधीच्या वर्षी फौज मुंबईत उतरली होती, म्हणजे हिंदुस्थानातल्या आमच्या बहुतेक लोकांनी ते कधी पाहिलंच नाही. कारणं सरळ होती: यावरून चर्चेस भांडत होती (इथे वर पाहा), सुटायला बघणाऱ्या दारुड्याच्या ओठाला वाइन लावायची नव्हती, आणि बाह्य विधीशिवायही कृपा मिळते हे दाखवायचं होतं. आजी म्हणायची, भाकरी मोडशील तेव्हा आठव. रोज दोनदा आठवायचं, बलिदान करायचं ते इस्पितळात, कुष्ठरोग्याच्या जखमा धुताना. 'चांगले करण्यास व दान करण्यास विसरू नका, अशा यज्ञांनी देव संतुष्ट होतो', हेही इब्रीतच आहे, १३:१६. ते कोणी पोस्टत नाही.

वचन_फक्त_वचन
'हे करा' अशी सरळ आज्ञा आहे. तुम्ही आज्ञाच पाळत नाही, आणि वर सगळ्यांना शिकवता?

मुक्तिफौज_नातू
पाय धुण्याचीही आज्ञा आहे, योहान १३. शेवटचे कोणाचे धुतलेत?

वचन_फक्त_वचन
बरं. हा टोमणा चांगला होता. मुद्दा तरीही चुकीचा आहे.

नगरी_मंडळी
मुक्तिफौजेच्या आजींवरून आठवलं. बहात्तरचा दुष्काळ. आमच्या गावच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाला गव्हाचा दाणा नव्हता. रेशनवर आलेल्या अमेरिकन मिलोची, म्हणजे तिकडच्या ज्वारीची, लाल भाकरी झाली, आणि काळ्या मनुका उकळून त्याचं पाणी. पाळकसाहेब आठवडाभर तळ्याच्या कामावर खडी फोडत होते, त्यांना पगार कुठला मिळणार. भाकर मोडताना त्यांच्या तळव्यावरचे फोड दिसत होते, एक फुटलेला. 'हे माझे शरीर' म्हटलं तेव्हा भाकरीच्या तुकड्याला थोडं रक्त लागलं होतं. कोणीही पुसलं नाही. मी शाळकरी होतो. स्मरण की बलिदान हा प्रश्न मला त्यानंतर पडला नाही.

मिस्सेची_घंटा
काका, हे वाचून काय बोलावं कळत नाही. पण खोटं बोलणार नाही: आमच्या नियमाप्रमाणे ती मिस्सा झाली नसती. गहूच लागतो, कॅनन ९२४.

नगरी_मंडळी
मग तुमच्या कॅननला बहात्तर साली आमच्या गावात पाठवायचं होतं. गहू घेऊन.

मिस्सेची_घंटा
रागावू नका. नियम सांगितला. ते प्रभूपर्यंत पोचलं नाही असं मी म्हटलेलं नाही.

वचन_फक्त_वचन
बघा, शेवटी ताईही म्हणतात की गव्हाशिवाय पोचतं. म्हणजे फादरांच्या हातात काही विशेष नाही. माझंच म्हणणं सिद्ध झालं, आभारी आहे.

मिस्सेची_घंटा
तसं म्हटलेलं नाही, आणि तुम्हाला ते नीट माहीत आहे.

पुण्याची_डॉक्टरीणबाई
नगरवाल्या काकांसाठी एक तोडगा: प्याला एकच ठेवा, भाकर त्यात बुडवून घ्या. ओठ लागत नाही, ट्रेही लागत नाही.

नगरी_मंडळी
बुडवताना बोटं आत जातात. ओठांपेक्षा बोटं जास्त घाण असतात, हे मी डॉक्टरला सांगायचं का? पास्टरेट कमिटीची (चर्चच्या कारभारी समितीची) बैठक पुढच्या महिन्यात आहे, ट्रेविरुद्ध माझा ठराव आहे. विरोधात कोण मत देणार तेही मला माहीत आहे. आमच्या घरातूनच दोन मतं.