प्रतिसाद: अँबॅसिडरची हॉट रॉड, पुढून किती दाबायची?

दादा, चारही चाकांवर गाडी सारखीच खाली घ्यायची आणि टप चार इंच कापायचा, म्हणजे खांब कापून छत खाली आणायचं, हा तुमचा बेत मला पटला नाही. हॉट रॉडचा, म्हणजे जुनी गाडी फेरफार करून बनवलेल्या वेगवान गाडीचा, रुबाब पुढून दबलेल्या अन् मागून उचललेल्या ठेवणीत असतो. हॉट रॉडवाल्यांच्या आवडत्या १९३२ च्या फोर्डला पुढे बारीक आणि मागे उंच टायर टाकले की निम्मं काम तिथंच होतं. पुढचा अॅक्सल, म्हणजे दोन चाकं जोडणारा दांडा, टोकांना वर वळवलेला घेतात, स्प्रिंग कापत नाहीत.

जुन्या अँबॅसिडरला पुढे टॉर्शन बार, म्हणजे पिळून स्प्रिंगचं काम करणाऱ्या सळया आहेत, ते फिरवून बसवले की नाक खाली येतं. पण तिला फोर्डसारखी वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा नाही, बॉडीच सगळा भार पेलते. टप कापला तर तिरके खांब एकमेकांना जुळत नाहीत अन् ताकदही जाते. टपाला हात लावू नका, खरंच.

आधी वाळूजच्या शेडमध्येच गाडी लाकडी ठोकळ्यांवर ठेवा, चाकं नुसती टेकवा आणि दहा पावलं मागे जाऊन उकिडवं बसून बघा. दाराखालची रेघ पुढं किंचित उतरलेली दिसली पाहिजे. आपल्याकडचे गतिरोधक धरूनच उंची ठरवा. कापाकापीआधी आरटीओत विचारा, मोटार वाहन कायद्याचं गाडीतल्या फेरबदलांबद्दलचं कलम ५२ आडवं येतं.