सोसायटीच्या नोटिशीत 'ऑन' की 'अपॉन'?

गोरेगावकर_७:
सभासदांच्या नोटिसा आणि वॉर्ड ऑफिसची पत्रं इंग्रजीत लिहायची आहेत. कमिटीतल्या काकांचा आग्रह, सगळीकडे 'अपॉन', 'प्रायर टू', 'विथ रिगार्ड टू'च हवं. 'ऑन', 'बिफोर', 'अबाउट'ने पत्राला वजन येत नाही. सध्याचा मसुदा: 'वॉटर विल बी शट ऑफ अपॉन सॅटरडे. काइंडली पे टिल 10 जून.' ठीक आहे का?

शब्दखोड:
वजनाचं नंतर बघू, आधी चुका काढा. वार-तारखेला 'अपॉन' लागत नाही; कितीही औपचारिक पत्र असलं तरी 'ऑन सॅटरडे'च. एक गोष्ट झाली की लगेच दुसरी, अशा ठिकाणी 'अपॉन' शोभतं: 'अपॉन रिसीट ऑफ पेमेंट'. तिथेही 'ऑन' चालतंच.

'टिल'ची चूक मोठी. आपलं 'पर्यंत' दोन्हीकडे चालतं, म्हणून घोळ होतो. 10 तारखेपर्यंत पैसे भरा, ही मुदत, तिथे 'बाय'. 10 तारखेपर्यंत लिफ्ट बंद, हे सतत चालू राहणारं. तिथे 'टिल', पत्रात 'अन्टिल'. 10 तारीख धरून की सोडून, यावरून जिन्यात भांडणं नको असतील तर 'अप टू अँड इन्क्लुडिंग 10 जून' लिहा.

माहीमची_मास्तरीण:
'प्रायर टू' आणि 'बिफोर' सरसकट अदलाबदल करू नका. 'बिफोर द टँक इज क्लीन्ड' बरोबर, पण 'प्रायर टू द टँक इज क्लीन्ड' चूक, कारण 'प्रायर टू'पुढे क्रियापदासकट वाक्य येत नाही. 'प्रायर टू द क्लीनिंग ऑफ द टँक' असं करावं लागतं, म्हणजे वाक्य उगाच लांबतं. सभासदांसाठी 'बिफोर'च ठेवा. (काकांच्या 'विथ रिगार्ड टू'ला शेवटी 'एस' मात्र लावू नका. 'रिगार्ड्स' पत्राच्या तळाशी, सहीच्या वर.)

शब्दखोड:
'इन' आणि 'विदिन'ही बघा. 'द प्लंबर विल कम इन 15 डेज' म्हणजे 15 दिवसांनी येईल. 'विदिन 15 डेज' म्हणजे त्याआधी कधीही. आणि वॉर्ड ऑफिसच्या पत्रात 'इन लियू ऑफ युवर लेटर' नको. त्याचा अर्थ 'तुमच्या पत्राऐवजी'. 'अनुषंगाने' म्हणायचं असेल तर 'विथ रेफरन्स टू युवर लेटर डेटेड', पुढे तारीख आणि जावक क्रमांक.

गोरेगावकर_७:
मग 'द वॉटर सप्लाय विल बी शट ऑफ ऑन सॅटरडे. प्लीज पे बाय 10 जून.' 'ऑफ ऑन' कानाला खटकतंय.

माहीमची_मास्तरीण:
बरोबरच आहे. खटकत असेल तर वार पुढे घ्या: 'ऑन सॅटरडे, द वॉटर सप्लाय विल बी शट ऑफ.' वेळही टाका, 'फ्रॉम 10 ए.एम. टू 4 पी.एम.', नाहीतर फोन तुम्हालाच येणार.